परड्यातलं कोकण

साल एकोणीसशे अडुसष्ट, आणि मी चौदा वर्षांचा. शाळा तिसरीत सुटली होती. सुटली म्हणजे मी सोडली, तिनं मला काढलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गल्लीत अजून काही लोक उलटं सांगतात. त्या साली मिरगाच्या तोंडावर माझा थोरला भाऊ मल्लूअण्णा कोकणातून परत आला. दरवर्षी तो चादरींचं गाठोडं खांद्यावर टाकून रत्नागिरीकडच्या गावांतनं हिंडायचा आणि माल संपला की एस.टी. धरून घरी यायचा. त्या खेपेला गाठोडं संपलं होतं, पण त्याच्या मागं एक हिरव्या पातळातली मुलगी पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात उभी होती. अण्णा परस्पर लग्न करून आला होता. अव्वा, म्हणजे आमची आई, पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली. तिनं मुलीकडं बघितलं, अण्णाकडं बघितलं आणि तिच्या अक्कलकोटकडच्या कानडीत लांबलचक काहीतरी बोलली. मुलीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिला वाटलं आपलं स्वागतच चाललंय, तिनं वाकून पाय धरले. अव्वाचा निम्मा राग तिथंच गेला. उरलेला निम्मा तिनं पुरवून पुरवून वर्षभर वापरला.

आमचं घर विणकराचं. पुढं दगडी भिंतींची मागाची खोली, तिच्यात जमिनीत खड्डे करून बसवलेले दोन माग, एक आप्पांचा, म्हणजे वडलांचा, आणि एक अण्णाचा. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायानं पावड्या दाबतो आणि हातानं धोटा मारतो. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत माग सुरू व्हायचे. त्या खटक-खटक आवाजात मी मेल्यासारखा झोपायचो, आवाज थांबला की मात्र दचकून जागा व्हायचो. मी आणि अव्वा धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचो. सोलापूरची कोरडी हवा म्हणजे सुताची वैरीण. जरा वारं सुटलं की तार तुटते, तुटली की माग थांबवून गाठ मारायची, आणि त्यातच दिवस जातो. म्हणून आप्पा खिडक्यांना ओली गोणपाटं टांगायचे, जमिनीवर पाणी मारायचे आणि दार लोटून घ्यायचे. आत पाऊल टाकलं की अंगाला गार ओल लागायची. मागच्या अंगाला एक पत्र्याच्या छपराची, चुना दिलेली खोली होती, तिच्या भिंतीवर मावळतीचं ऊन दुपारपासनं आदळायचं. तिथं ठेवलेलं सूत काडीसारखं कडक व्हायचं, विणायच्या आदल्या दिवशी ते मागाच्या खोलीत आणून मऊ करावं लागायचं. तिथं माग बसवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ती खोली सुताच्या पेंड्यांना आणि माझ्या अंथरुणाला दिलेली होती. तिच्या मागं परडं, म्हणजे परस.

आता माझ्या मुलाच्या शेडमध्ये यंत्रमाग आहेत आणि पाण्याचे फवारे आहेत, बटण दाबलं की ओल. मला त्याचं काही कौतुक वाटत नाही. गोणपाट पिळून बघावं, मग कळतं ओल म्हणजे काय.

तर वहिनी. तिचं नाव सुनंदा. पहिल्याच आठवड्यात तिचे ओठ फुटले. कडक भाकरी तिनं पापड समजून घेतली, आणि शेंगाची चटणी भाजीसारखी घास भरून खाल्ली, मग पाणी पाणी करत परड्यात पळाली. तक्रार मात्र नाही. दुपारी कामं उरकली की पेटी उघडून नुसती बघत बसायची. एकदा त्या पेटीतनं तिनं फडक्यात बांधलेल्या आठळ्या काढल्या, चुलीच्या राखेत भाजल्या आणि एक सोलून माझ्या हातावर ठेवली. मला ती भाजलेल्या रताळ्यासारखी लागली, पण जास्त दमदार. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, फणसाचं बी. फणस आमच्या घरात कुणी बघितलेला नव्हता.

"लावलं तर येईल काय?" मी विचारलं.

"इथं? नाही हो भावोजी. त्याला दमट हवा लागते. इथं तर घामसुद्धा अंगावर टिकत नाही."

"मागाच्या खोलीत टिकतो की."

ती हसली. आमच्या घरात आल्यापासनं पहिल्यांदाच हसली असेल. पण मला ते हसणं लागलं. येत नाही, होत नाही, असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात खिळा बसतो, तो अजून बसतो. उरलेल्यांतली सगळ्यात जाडजूड आठळी मी मागून घेतली आणि परड्यात, पत्र्याच्या खोलीच्या मावळतीच्या भिंतीपासनं थोडी सोडून, लावली. मागाच्या खोलीत मारलेलं पाणी वाहून तिथंच यायचं. शिवाय तिथंच पाजणीची भांडी धुतली जायची. सुताला खळ लावतात तिला आम्ही पाजणी म्हणतो. पहाटे गल्लीभर सूत ताणून धरायचं, कुंच्यानं खळ चोपडायची, आणि ऊन वर यायच्या आत सगळं आवरायचं. मग त्या पातेल्यांचं पांढरं धुवण माझ्या आठळीला. कोंब आला तेव्हा मी चार काठ्या रोवून भोवती ओली गोणपाटं बांधली आणि बुडाला उसाचं पाचट घातलं. मागाला जे करतात तेच झाडाला केलं, दुसरं मला येत नव्हतं. समोरच्या घरातले नरसय्यामामा, तेही विणकरच, पण तेलुगू बोलणारे, तपकिरीची चिमूट नाकाशी धरून रोज बघायला यायचे. म्हणायचे, कोकण्या, झाडाचं झालं, आता समुद्र कधी आणतोस. मी म्हणायचो, आधी फणस खा, मग समुद्राचं बघू. त्या दिवसापासनं गल्लीत माझं नाव कोकण्या पडलं. दुसऱ्या कुणाला राग आला असता. मी त्या नावाला ओ द्यायला लागलो.

झाड वाढलं. मधे दुष्काळ पडला, तेव्हा घरातल्या सगळ्या पुरुषमाणसांची अंघोळ मी झाडाशेजारच्या दगडावर नेली. आप्पा थंडीत उघड्यावर कुडकुडत अंगावर तांब्या ओतायचे आणि जिनं आठळी आणली तिला घरात आणणाऱ्याच्या नावानं बोलायचे, म्हणजे अण्णाच्या. गोणपाटं खोडाच्या जाडीबरोबर मोठी होत गेली. उन्हाळ्यात मी दोन वेळा ती भिजवायचो, खोडालाही, आणि मागच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून तिथंही. वहिनीला पहिली मुलगी झाली, ती झाडाखाली रांगायला शिकली. वहिनी आता पंचाहत्तरीच्या पुढं गेली, दात एकही नाही, पण कडक भाकरी सोडत नाही, दुधात बुडवून खाते. त्या वर्षांत मात्र ती संध्याकाळी त्या झाडाच्या गडद पानांना हात लावून उभी राहायची. अव्वा आतनं बघायची आणि तिला मुद्दाम हाक मारायची नाही.

मी एकवीस वर्षांचा झालो. आमच्यात पोरगा हाताखालचा असतो तोवर कुणी मुलगी देत नाही, स्वतःचा माग झाला की माणसं घर विचारत येतात. कार्तिकात एके दिवशी जेवताना आप्पांनी सांगून टाकलं की गुढीपाडव्याला तुझा माग बसवू. मी आनंदानं आणखी एक भाकरी मागून घेतली. मग त्यांनी पुढचं सांगितलं. मागाच्या खोलीत जागा नाही, तेव्हा परड्यात शेड काढायची, आणि झाड पाडायचं.

"सात वर्सं झाली," आप्पा म्हणाले. "फळ न्हाय, फूल न्हाय. नुसती पानं काय चावायची?"

"मग मला माग नको."

अण्णानं हात धुवायचं सोडून माझ्याकडं बघितलं. आप्पा अव्वाला म्हणाले, "ऐकलंस? विणकराचा पोरगा माग नको म्हंतोय. बायको तरी पायजे का इचार, का तिलाबी न्हाय म्हणणार हाय."

"बायको झाडाखाली बसंल की," मी म्हणालो आणि ताटावरनं उठलो. उठलो खरा, पण झोप कुठली लागते. माग मला हवाच होता. धोट्याचा आवाज ऐकत मोठा झालेला पोरगा मी, हात शिवशिवायचे. पण झाडही मला हवं होतं, आणि एकाच्या जागेवर दुसरं, असा तो हिशेब मला मान्य नव्हता.

पौषात वहिनी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली. ती गेल्यावर थोड्याच दिवसांत मी गोणपाटं बदलायला वरची दोरी सोडली आणि बघतो तर खोडावर, जाड फांद्यांवर, बोटाएवढे हिरवे खरखरीत फोड. काही काळे पडलेले, काही गळून खाली कुजलेले. आंबा, चिंच, पेरू, सगळी फळं फांदीच्या टोकाला धरतात, खोडातनं काही बाहेर येतं हे आम्हा कोरडवाहू माणसांना कुठलं ठाऊक. मी अण्णाला विचारलं, तू इतकी वर्षं कोकणात हिंडलास, फणसाचं झाड कसं असतं सांग. तो डोकं खाजवायला लागला. त्यानं कोकणात झाडांकडं कधी बघितलंच नव्हतं. कुणाकडं बघितलं होतं ते आम्हाला माहीत होतं. आप्पा म्हणाले रोग पडलाय, घरात पसरायच्या आत उद्याच पाडू. आणि लाकडं फोडणाऱ्या माणसाला निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन परड्यात आला आणि मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो. काय करणार होतो मला माहीत नाही, पण हलणार नव्हतो. तेवढ्यात अव्वा आली. तिनं अजून ते फोड नीट बघितले नव्हते. तिनं मला बाजूला सारलं, खोडावरनं नजर वरपासनं खालपर्यंत फिरवली, आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

"रोग न्हाय हा," ती म्हणाली. "देवी आल्यात झाडाला. हत्यार आत ठेवा."

देवीची साथ तेव्हा सगळ्यांच्या आठवणीत ताजी होती. गल्लीत अंगभर वण असलेली माणसं होती. देवी आल्या की घरात कापायचं नाही, तळायचं नाही, फोडणी द्यायची नाही, दारी कडुनिंब टांगायचा आणि थंड खायचं, हे कुणाला सांगावं लागायचं नाही. कुऱ्हाडवाल्यानं चपला काढल्या, झाडाला नमस्कार केला आणि आल्या वाटेनं गेला. आप्पा काहीतरी बोलणार होते. अव्वानं नुसतं बघितलं.

मग आमच्या घरात देवीचं पथ्य सुरू झालं. खोडाला हळद फासली, फांदीफांदीला कडुनिंबाचे झुबके. गल्लीतल्या बायका सकाळी तांब्याभर पाणी घालून जायच्या, झाडाला एवढं पाणी मी कधी पाजलं नव्हतं. आणि चुलीवर फोडणी बंद. आमटी म्हणजे उकडलेली डाळ, भाजी म्हणजे उकडलेलं वांगं, त्यावर दही. शेंगा भाजायच्या नाहीत म्हणून चटणीही नाही. आप्पा चटणीवाचून एक दिवस न राहणारे. ते पानावर बसायचे आणि दहीभाताकडं असं बघायचे की जणू पाहुणाच आलाय, नको असलेला. एकदा म्हणाले, झाडाला देवी आल्या आणि पथ्य मला. अव्वा म्हणाली, हळू बोला, ऐकतात त्या. मला विचाराल तर देवी की रोग, मला काहीच ठाऊक नव्हतं. कुऱ्हाड परत गेली होती, तेवढं मला पुरे होतं. मी दहीभात मागून मागून खाल्ला.

शिमग्यानंतर वहिनी परत आली, कडेवर मुलगा. परड्यात आली, हळदीनं पिवळं झालेलं झाड, कडुनिंब, बुडाशी लिंबं आणि नारळ, सगळं बघितलं. बाळ माझ्या हातात दिलं आणि अंघोळीच्या दगडावर बसून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

"अव्वा, फुलं आहेत हो ही. फणसाची फुलं."

"फूल असलं असतंय व्हय?" अव्वा म्हणाली.

"असलंच असतं. ही वरची नुसती यायची आणि गळायची. ज्याचं फळ होतं ते निराळं." ती उठली, खोडाभोवती फिरली आणि भिंतीकडच्या बाजूला अगदी जमिनीलगतचं गोणपाट, जे मी कित्येक दिवस नुसतं भिजवत होतो, सोडत नव्हतो, ते वर उचललं. तिथं एक मुठीएवढं हिरवं काटेरी काहीतरी लोंबत होतं. "ही बघा कुयरी. हा तुमचा फणस, भावोजी."

अव्वानं वाकून बघितलं, पदरानं त्या कुयरीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "मग काय झालं? देवीच घेऊन आल्या." तिला कुणी हरवू शकलं नाही कधी, मी तिच्यावरच गेलोय. त्या संध्याकाळी घरात मोहरी तडतडली. वास मागाच्या खोलीत पोचला तसे आप्पा धोटा हातात धरूनच चुलीपर्यंत आले.

पण आप्पांचा शब्द तो शब्द. त्यांनी पाडवा पुढं ढकलला, एवढंच. परड्यात शेडची आणि खड्ड्याची जागा चुन्यानं आखून ठेवली, आखणी बरोबर झाडाच्या बुडातनं गेलेली. म्हणाले, "पिकंपतूर ऱ्हाऊ दे. खाऊन झालं की पाडायचं. तुझं बी समाधान, माझा बी माग." त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी फणसाला हात लावून बघायचो. वाढला की बरं वाटायचं आणि वाढला म्हणून वाईटही वाटायचं. नारळाएवढा झाला, मग कळशीएवढा, भिंतीला टेकून बसलेला. लवकर पिकू नकोस, असं मी त्याला एकदा म्हणालो. वहिनीनं ऐकलं, पण हसली नाही.

मिरगाच्या आधी वास सुटला. नरसय्यामामा तपकीर न ओढताच आले. फणस उतरवून परड्यात गोणपाटावर ठेवला आणि वहिनी तेलाची बाटली घेऊन आली, म्हणाली आधी हाताला तेल लावा, चीक फार असतो. आप्पांनी हात मागं घेतले. विणकराच्या घरात कामाच्या दिवशी हाताला तेल लावत नाहीत, तेलाचं बोट सुताला लागलं की चादरीवर डाग उमटतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. मीही नको म्हणालो, अण्णाही, मामाही. वहिनीनं आपल्या हाताला तेल चोळलं, बरं म्हणाली, आणि बाजूला बसून राहिली.

आप्पांनी सुरी घातली. पांढरा चीक धारेनं आला. सुरी आप्पांच्या हाताला चिकटली, ती सोडवायला अण्णा गेला तर तो दोघांना चिकटला. पण आत सोनं होतं. एकेक गरा असा की दाताखाली करकर वाजायचा, आणि मग गोडी. अव्वानं पहिला देवापुढं ठेवला. आप्पांनी एक खाल्ला, दुसरा घेतला. तिसऱ्याला नरसय्यामामांनी त्यांचा हात धरला, आणि दोन्ही हात तिथंच डकले. मामा म्हणाले, कोकण्या, समुद्र राहू दे, एवढंच बास आहे. वहिनीनं एकच गरा खाल्ला, डोळे मिटून.

मग कळलं काय झालंय ते. घरात एकही हात सुताला लावायच्या लायकीचा राहिला नव्हता. साबणानं चीक जास्तच पसरला. तेलानं जातो, वहिनी म्हणाली, पण तेल कोण लावणार? आमचे माग भर दुपारी बंद पडले. दोन घरं पलीकडनं माणूस विचारायला आला, कुणी गेलं काय म्हणून. आप्पांना रिकामं बसायची सवय नव्हती. मागाच्या खोलीत पाऊल टाकायची सोय नाही, चुलीपाशी बाळ रडत होतं, परड्यात गल्ली जमली होती. म्हणून ते चिकट हात पुढं धरून पत्र्याच्या खोलीत शिरले, आणि दार लोटलं गेलं.

उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत कोणी जात नसे. मी स्वतः तिथं रात्रीपुरता. ऊन कलल्यावर मी दार ढकललं तर आप्पा माझ्या अंथरुणावर, मावळतीच्या भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून झोपले होते. पाठीला भिंतीचा चुना लागलेला. जागे झाले तेव्हा कुठं आहोत ते त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी मागची भिंत उलट्या हातानं चाचपली, ती गार होती. वरच्या पत्र्याकडं बघितलं, फणसाच्या सावलीत तो तापलाच नव्हता. शेजारचा सुताचा पेंडा ओढून त्यातली एक तार त्यांनी दातांत धरली आणि ताणली, पुन्हा ताणली. तुटली नाही.

"किती दिवस झालं ही खोली अशी हाय?"

"मला काय ठाऊक," मी म्हणालो. "मी रात्रीचा येतो."

ते उठून बाहेर गेले. झाडाकडं नाही बघितलं, माझ्याकडंही नाही. वहिनीपुढं उभे राहिले आणि दोन्ही पंजे पुढं केले. सुनेपुढं त्यांनी आजवर कधी हात पसरला नव्हता.

"लाव तेल," ते म्हणाले. मग मान न वळवता मला, "सिद्राम, आजपासनं तू वट्यावर नीज."

एवढंच. अव्वानं तोंडाला पदर लावला. अण्णा माझ्या पाठीत बुक्की घालणार होता, पण त्याचा हात शर्टाला चिकटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आत मी कुदळ घेतली. पत्र्याच्या खोलीतलं माझं अंथरूण गुंडाळून दारापुढच्या वट्यावर टाकलं, सुताचे पेंडे एका बाजूला लावले आणि जिथं माझी उशी असायची तिथं मागाचा खड्डा खणायला घेतला. हातभर खाली गेल्यावर माती ओली लागली. ती पाटीत भरली आणि नेऊन फणसाच्या बुडात घातली, चुन्याच्या रेघेवर.